वहीची मागची पानं

श्रोतेहो, नमस्कार.

चतुर्थीच्या आठ-दहा दिवस आधी गोव्यातल्या आमच्या व्हडल्या, म्हणजे मूळ मोठ्या घरात देवखोलीच्या फडताळातून एक वही बाहेर निघते. लाल पुठ्ठ्याची, जाड दोऱ्याने शिवलेली. आजोबांनी सुरू केली, पुढे बाबांनी चालवली. पहिल्याच पानावर माटोळीची, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर बांधायच्या फळा-पानांच्या मांडवाची यादी आहे. नारळ, सुपारीचं शिपटं, केळ्यांचा घड, तोरिंजन, चिबूड, आंबाडे, घागऱ्या, माट्टुटी, कवंडळं, फागलां आणि हे सगळं बांधायला केवणीची साल. पुढे दर वर्षीचा हिशेब. वाटा कुणाचा किती, नैवेद्य कुणाकडे, मूर्ती आणायला कोण गेलं. १९६२ सालच्या पानावर आजोबांनी वर एकच ओळ लिहिली आहे: ‘मुक्तीनंतरची पहिली चतुर्थी.’ त्या ओळीवरून आम्ही अजून बोट फिरवतो. मुंबईहून, पुण्याहून, आखातातून आलेली मुलं ही वही हातात घेतात तेव्हा त्यांचे चेहरे बदलतात. आपण कुणाचे, कुठले, ते त्यांना त्या पानांतून कळतं.

मी ३४ वर्षं सरकारी आरोग्य केंद्रांत परिचारिका होते. आज मला घराण्याचा अभिमान आणि आपली तब्येत यांविषयी बोलायचं आहे. या दोन गोष्टी माझ्या कामात जन्मभर एकमेकींच्या आड आल्या.

वाड्यावर तपासणीचं शिबिर लावलं की देवळाच्या सभामंडपात टेबल मांडायचं, बोटातून रक्ताचा थेंब घ्यायचा, दंडाला पट्टा बांधून प्रेशर बघायचं, असं आमचं काम. आणि दर शिबिरात कुणीतरी जाणतं माणूस दारातूनच हात हलवायचं, ‘‘बाय, आमच्या घराण्यांत कोणाक शुगर ना.’’ मी विचारायची, ‘‘कोणी तपासलीय कधी?’’ तर उत्तर, ‘‘ना.’’

हे ‘ना’ मी शेकडो वेळा ऐकलं. त्यात लबाडी नसायची. घराण्याला बट्टा लागू नये, मुलीचं लग्न अडू नये, शेजाऱ्यांनी बोट दाखवू नये, एवढंच त्या माणसाच्या मनात असायचं. पण रक्तातली साखर आडनाव बघून थांबत नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या देशभरच्या पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. वीस वर्षांवरच्या माणसांत मधुमेहाचं प्रमाण देशात ११.४ टक्के आणि गोव्यात २६.४ टक्के. सगळ्या राज्यांत आपलं सर्वांत जास्त. आमच्या पंगतीला चाळीस मोठी माणसं बसली, तर त्या हिशेबाने दहाजणांच्या रक्तात साखर आहे. त्यांतली किती जणं ते जाणून आहेत?

असं का झालं, याचं माझ्या घरातलं उत्तर मला डोळ्यांसमोर दिसतं. बाबा पहाटे कुळागरात, म्हणजे पोफळी-नारळीच्या बागेत उतरायचे. पाटाचं पाणी एका पोफळीच्या आळ्यातून दुसऱ्यात वळवायचं, पडलेली झावळं ओढून आणायची, सुपारी वेचायची, नारळाचं ओझं खांद्यावर घेऊन चढण चढायची. अकरा वाजता घामाने भिजून यायचे, तेव्हा आई उकड्या तांदळाची पेज वाढायची. सोबत चेपणीचं तोर, म्हणजे मिठात मुरवलेली कैरी, नाहीतर भाजलेला सुका बांगडा. ती पेज त्यांच्या अंगात संध्याकाळपर्यंत टिकत नसे, इतकी ती खर्ची पडायची. आज माझा भाऊ बँकेतून निवृत्त झाला आहे. गाडी दारापर्यंत येते, कुळागरात गडी आहे. भाताचा डोंगर मात्र बाबांच्याच मापाचा. ताट तेच राहिलं आणि काम गेलं.

म्हणून कुणी मला म्हणालं, ‘‘जुनं खाणं खा, पेज प्या, सगळं ठीक होईल,’’ तर मी मान डोलावत नाही. पेज मला प्रिय आहे, तापात तिच्यासारखं दुसरं काही नाही. पण पेज म्हणजे तांदूळ, आणि बसून राहणाऱ्याला तांदूळ बेतानेच हवा. चेपणीचं तोर म्हणजे मीठ, सुकी मासळी म्हणजे मीठ, पापड म्हणजे मीठ. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे चहाच्या चमच्याने जेमतेम एक चमचा, सगळ्या पदार्थांतलं मिळून. आमच्याकडे ते एका पेजेच्या वाडग्यासोबत संपायला आलेलं असायचं.

जुन्यातलं जे खरोखर सोनं आहे ते आपण मागे टाकलं. अळसांद्यांचं तोणाक म्हणजे चवळीची रसभाजी, श्रावणातलं पाच-सात भाज्यांचं खतखतें, ताजी मासळी, बिनसाखरेची सोलकढी. आमच्या घरात मी एवढाच बदल केला की आधी तोणाक आणि भाजी ताटात पडते, ती निम्मी संपली की भात. त्याने भात आपोआप कमी जातो आणि साखरही एकदम चढत नाही. भाऊ चार दिवस कुरकुरला, आता स्वतःच वाढून घेतो. दुपारी जेवण झालं की गोंयकार आडवा होणारच, ते मी कुणाला सोडायला सांगत नाही. फक्त आडवं होण्याआधी दहा-पंधरा मिनिटं राजांगणात तुळशीभोवती फेऱ्या मारायच्या. आमची वयनी फेऱ्या मारता मारता रामरक्षा म्हणते. आठवड्याला किमान १५० मिनिटं अंग हलवावं असं शास्त्र सांगतं. तिचा त्यातला बराचसा भाग तुळशीभोवतीच होऊन जातो, आणि उरलेला संध्याकाळी देवळापर्यंत चालत जाऊन.

हे शरीराचं झालं. आता जे सांगणार आहे ते मी इतकी वर्षं कुणापुढे बोलले नव्हते.

माझा धाकटा काका खाणीच्या कचेरीत कारकून होता. अक्षर मोत्यासारखं. चतुर्थीच्या आरतीला घुमट, म्हणजे तोंडाला कातडं ताणलेलं मातीचं वाद्य, तोच वाजवायचा. जोडीच्या शामेळ या वाद्यावर थाप पडली आणि त्याने घुमट उचललं की आम्ही पोरं झोपेतून उठून ओसरीवर धावायचो. अठ्ठाविसाव्या-तिसाव्या वर्षी तो हळूहळू गप्प झाला. कामावर जाईना, आंघोळीला उठेना, बोललं तर उत्तर देईना. घरात कुणी त्याच्यावर आवाज चढवला नाही, जेवण त्याच्या खोलीत जायचं. देवाला कौल लावला, घाडी म्हणजे मांत्रिक झाला, नवस झाले. मी त्या उपायांना नावं ठेवत नाही, कारण तेव्हा जे ठाऊक होतं ते त्यांनी मनापासून केलं. डॉक्टर तेवढा झाला नाही. पाहुणे आले की आजी सांगायची, तो मुंबईला आहे. आणि तो वरच्या माडीवर असायचा. जिन्याचं दार लोटून घेतलेलं असायचं. आम्हां मुलांना सांगितलं होतं, पाहुण्यांसमोर वर बघायचं नाही.

एक्कावन्नाव्या वर्षी तो गेला. पहाटे अर्धं अंग लुळं पडलं, दुसऱ्या दिवशी सगळं संपलं. मी तेव्हा नोकरीत होते. प्रेशरचं यंत्र माझ्या पिशवीत, पिशवी त्याच घरात, जिन्याखालच्या खुंटीला. गावातल्या हजारो दंडांना मी पट्टा बांधला आणि जिना चढून माझ्या काकाच्या दंडाला एकदाही बांधला नाही. त्याला फक्त ‘डोक्याचं’ आहे, बाकी अंग धडधाकट आहे, असं आम्ही धरून चाललो होतो. मन आजारी असलेल्या माणसाचं शरीर कुणी बघत नाही. तो दुखतंय म्हणाला तरी लोक ते मनाचेच खेळ समजतात. हे मला पुढे कामातून कळलं. घरात कळायला हवं होतं.

अशा आजारावरचा एक उपाय पुढे आपल्याच गोव्यात आजमावला गेला, याचंही दुःख होतं. गोव्यातच स्थापन झालेल्या संगथ या संस्थेने डॉ. विक्रम पटेल यांच्या पुढाकाराने इथल्याच १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. तो २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. तीव्र उदासीने घेरलेल्या लोकांना नेहमीच्या उपचारांबरोबर सहा ते आठ बैठका द्यायच्या. त्या घेणारे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, शिकवून तयार केलेले इथलेच साधे लोक होते, आपली भाषा बोलणारे. त्यांची रीत अशी: मन लागलं की करीन, असं म्हणत थांबायचं नाही, आधी छोटी कृती, मन मागाहून येतं. उद्या सकाळी दारातल्या जास्वंदीला पाणी घालायचं. परवा शेजारणीकडे जाऊन दहा मिनिटं बसायचं. काय केलं आणि त्यानंतर कसं वाटलं ते लिहून ठेवायचं. तीन महिन्यांनी बघितलं, तेव्हा बैठका मिळालेल्यांतल्या ६४ टक्के लोकांची उदासी ओसरली होती. फक्त नेहमीचे उपचार मिळाले त्यांच्यात ३९ टक्के.

मी ते वाचलं तेव्हा मला घुमट आठवलं. त्या खोलीत कुणी एक घुमट नेऊन ठेवलं असतं, रोज संध्याकाळी पाच मिनिटं त्याच्यापाशी बसून ‘एक थाप मार’ म्हटलं असतं, तर? तेवढ्याने तो बरा झाला असता असं मी म्हणत नाही. काकाला औषधंही लागली असती. पण आम्ही त्याला आरतीतून काढून माडीवर ठेवलं, म्हणजे त्याला हलवणारी जी एक गोष्ट होती तीच काढून घेतली. आपल्या बायका पौषात धालोची गाणी म्हणत रात्री नाचतात, चतुर्थीला फुगडीत गरगर फिरतात, धाप लागेपर्यंत हसतात. पुरुष सप्ताहाला रात्र रात्र भजनात उभे राहतात. त्यात अंग हलतं, श्वास खोल होतो, आणि चार माणसांना तुम्ही दिसता. आलं नाही तर कुणीतरी विचारतं, ‘‘आज ती कशी आली नाही?’’ या विचारण्याची किंमत मी रुग्णांच्या तोंडून ऐकलेली आहे. म्हणून घरातलं एखादं माणूस धालोला, भजनाला, पंगतीला यायचं थांबलं, तर त्याच्या आळसाबद्दल बोलण्याआधी त्याच्यापाशी जाऊन बसा. दोन आठवडे झोप नाही, भूक नाही, कशातच जीव रमत नाही, असं असेल तर आरोग्य केंद्रात न्या. बांबोळीला मानसोपचाराची सरकारी संस्था आहे. घराबाहेर पडवत नसेल तर टेली मानस ही सरकारची फुकट सेवा आहे, क्रमांक १४४१६, दिवसरात्र कधीही. पुन्हा सांगते, एक, चार, चार, एक, सहा. त्या लाल वहीसारखी एखादी वही तुमच्याकडेही असेल, तिच्यात लिहून ठेवा.

आमच्या वहीचं पुढे काय झालं ते सांगते. बाबा गेले त्या वर्षी मी ती उलटी केली आणि मागच्या बाजूने नवीन पान सुरू केलं. नाव, प्रेशर, शुगर, कमरेचा घेर. चतुर्थीला सगळे जमतातच, तर तयच्या, म्हणजे चतुर्थीच्या आदल्या दिवशी ओसरीवर मी यंत्र मांडायचं ठरवलं. प्रेशर १४०-९० च्या वर गेलं की त्या ओळीखाली लाल रेघ. कंबर पुरुषाची ९० सेंटीमीटर, बाईची ८०, त्यापुढे असेल तर तीही खूण. मोठ्या वयनीने कपाळाला आठ्या घातल्या, ‘‘देवाच्या वहीत रोग लिहायचे?’’ मला उत्तर सुचलं नाही. आमची आते शेवटच्या खांबाला टेकून आंबाडे निवडत बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, ‘‘माटोळीक नासको आंबाडो चलता गो? एकेक परतून पळेतां न्ही? घरातल्या माणसाला पण तसंच बघायचं.’’ आणि ती उठून पहिली दंड पुढे करून बसली. त्या वर्षी अठरा माणसं तपासली. चौघांना पहिल्यांदाच कळलं की आपल्याला शुगर आहे. त्यांत मोठी वयनी होती.

गेल्या वर्षी आतेने वही मागून घेतली. तिला नीट दिसत नाही, म्हणून भिंग लावून, पानाला नाक टेकवून ती किती वेळ लिहीत होती. नंतर मी वाचलं. काकाचं पूर्ण नाव, जन्मसाल, आणि खाली थरथरत्या अक्षरात: ‘मन आजारी होतं. औषध दिलं नाही. प्रेशर बघितलं नाही. घुमट फार सुंदर वाजवायचा.’

ते पान आम्ही सगळ्यांनी वाचलं. कुणी फारसं बोललं नाही. विसर्जनाच्या रात्री मी वही फडताळात ठेवायला उघडली, तर आतेच्या ओळींखाली निळ्या शाईत आणखी एक ओळ होती. माझ्या चोवीस वर्षांच्या भाच्याची. ‘मला दोन महिने झोप नाही. कुणाला सांगू कळत नाही.’

त्याच रात्री तुळशीच्या कट्ट्यावर मी त्याच्यापाशी बसले. त्या सोमवारी त्याला घेऊन बांबोळीला गेले. बाहेरच्या बाकावर दीड तास बसलो, त्याने माझा हात सोडला नाही. हे तुम्हांला सांगू का, असं मी त्याला विचारलं होतं. तो म्हणाला, ‘‘सांग, फक्त नाव घेऊ नको.’’

त्याची औषधं अजून चालू आहेत. झोप परत आली आहे, सगळेच दिवस सारखे नसतात. यंदा वही त्याच्याकडे आहे. केवणीची साल कुठून आणायची, ते विचारायला काल त्याचा फोन आला होता.

नमस्कार.