करवंदं टिकवायची तर ओलावा सांभाळा

(दृश्य : सडा, म्हणजे कातळाचं उघडं पठार. उजाडतानाचा उजेड. करवंदीची जाळी. काट्यांतून आत गेलेला हात.)

मे महिन्याचा दुसरा पंधरवडा. रत्नागिरीच्या बाजूला जांभ्या दगडाच्या सड्यावर फटफटायच्या आत बायका पोहोचतात. ऊन चढलं की कातळ तापतो आणि तापलेलं करवंद टोपलीत पडलं की दुपारपर्यंत मऊ पडतं, म्हणून ही घाई. जाळी काट्यांची. हात आत घालावा तर ओरखडे ठरलेलेच. तरी ही बाई फळ ओढत नाही. अंगठ्याच्या नखाने देठ खुडते आणि करवंद देठासकट परडीत सोडते.

(दृश्य : तळहातावर दोन करवंदं, अगदी जवळून.)

दोन्ही फळं एकाच जाळीतली, सारखीच काळी. एकाला हिरवा देठ आहे. दुसरं ओढून काढलेलं. त्याच्या टोकाशी बारीक भोक पडलंय आणि भोकाभोवती ओलसर जांभळं वर्तुळ. रस तिथूनच झिरपतो, शेजारच्या चार फळांना चिकटतो आणि दुसऱ्या दिवशी बुरशीही तिथूनच सुरू होते. घरी आणलेली करवंदं किती दिवस निघणार, हे बरंचसं इथे सड्यावरच ठरतं. म्हणून बाजारात द्रोण घेताना वरची चकाकणारी फळं पाहून भुलू नये. देठ आहेत का ते बघावं आणि द्रोणाचा तळ ओला आहे का तेही बघावं.

कोकणात ही फळं उन्हाने नासतात त्याहून जास्त ओलाव्याने नासतात. हवा दमट, घाम वाळत नाही तिथे फळ काय वाळणार! बुरशीचे बीजाणू सगळीकडेच असतात. सालीवर, टोपलीत, आपल्या हातांवरही. त्यांना रुजायला पाण्याचा पातळसा थर पुरतो, आणि तो थर बहुतेक वेळा आपणच पुरवतो.

(दृश्य : स्वयंपाकघर. नळाखाली धरलेली रोवळी.)

फळं घरी आली की धुवायची, ही आपली सवय चांगल्या मनाची आहे, पण ठेवणीच्या फळाला ती मारक ठरते. करवंदं, जांभळं, तोरणं, यातलं जे लगेच खायचं तेवढंच धुवावं. उरलेली कोरडीच ठेवायची. आधी सुपात पसरून निवडावीत: फुटलेली, चेपलेली, रस आलेली बाजूला. ही टाकायची नाहीत, त्यांचं त्याच दिवशी सरबत करावं. एक नासकं फळ डब्यात राहिलं की सगळा डबा गेलाच म्हणून समजा.

निवडून झालं की पडवीत सावलीला तासभर पसरून ठेवायची. हा तास फार मोलाचा. तोडल्यावरही फळाचा श्वास चालूच असतो. त्यात साखर खर्च होते, ऊब निर्माण होते, वाफ बाहेर पडते. फळ जितकं गरम तितका हा कारभार जोरात. उन्हातून आलेली करवंदं तशीच स्टीलच्या डब्यात कोंबून, झाकण घट्ट लावून फ्रीजमध्ये ठेवली तर काय होतं ते पाहा.

(दृश्य : डब्याचं झाकण उलटं करून. थेंब दाटलेले, एक ओघळून फळांवर पडतो.)

बाहेरून एक थेंब पाणी न लागताही आत पाऊस पडलाय. याच डब्यात आधी घडी घातलेला कोरडा सुती पंचा घालावा, वर फळांचा एकच थर, फार तर दोन, आणि झाकण किंचित तिरकं ठेवावं. पंचा ओलसर लागला की बदलावा. साध्या हवेत पिकलेली करवंदं तीन-चार दिवसांत सुरकुततात किंवा फुटतात. थंडाव्यात, अशी कोरडी ठेवली तर त्याहून पुष्कळ जास्त पुरतात. मुलांना तेवढे दिवस खेळही पुरतो: करवंद चावायचं, आतून लाल निघालं तर कोंबडा, फिकट निघालं तर कोंबडी.

जांभळाचं काम याहून नाजूक. साल पातळ, गर पाणीदार, आणि झाडावरून उतरल्यावर ते पुढे पिकत नाही. जसं आणलं तसंच, आणि उतरणीला लागलेलं. झाड हलवून पाडलेलं जांभूळ जमिनीवर आपटतं. वरून दिसत नाही, पण आत गराला मार बसलेला असतो. पालघरकडे बहाडोलीत उंच झाडांभोवती बांबूच्या परांची बांधतात आणि त्यांवर चढून जांभळं हाताने खुडतात. काम जिकिरीचं आहे, जोखमीचंही आहे. बहाडोलीच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने जांभळाची ‘कोकण बहाडोली’ आणि करवंदाची ‘कोकण बोल्ड’ या जाती दिल्या आहेत. पण जात कुठलीही असो, घराच्या ओट्यावर जांभूळ दोन दिवसांपलीकडे जात नाही. ते पहिल्या दिवशीच थंडाव्यात जायला हवं, पसरट भांड्यात, एकावर एक ढीग न करता.

थंडीच्या दिवसांत आंबेनळी घाटाने महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेऱ्या पोलादपूरला उतरतात आणि पुढे किनाऱ्यावर येतात. त्यांनाही हाच नियम: हिरवी टोपी काढायची नाही, खायच्या आधीच धुवायच्या. यांच्यावरची राखी बुरशी फ्रीजच्या थंडीलाही दाद देत नाही. ठेवायच्या आधी धुणं भागच असेल तर एक वाटी व्हिनेगरला तीन वाट्या पाणी घेऊन त्यात हलक्या हाताने बुचकळाव्यात, मग साध्या पाण्यातून काढाव्यात आणि पंख्याखाली कापडावर अगदी कोरड्या होईपर्यंत पसराव्यात. हे शेवटचं जमणार नसेल तर धुऊच नयेत.

(दृश्य : ताटात एकेक सुटं ठेवलेलं करवंद. फ्रीजरचं दार.)

पाऊस सुरू झाल्यावरही करवंदाची चव हवी असेल तर फ्रीजर आहे. इथे मात्र फळ धुवायचं, देठ काढायचा, पुसून खडखडीत कोरडं करायचं. मग ताटात एकमेकांना न चिकटता मांडून रात्रभर गोठवायचं आणि सकाळी पिशवीत भरून, आतली हवा दाबून काढून बंद करायचं. थेट पिशवीत भरलं तर दगडासारखा गोळा होतो आणि मूठभर हवी असताना सगळी पिशवी काढावी लागते. गोठताना फळातल्या पाण्याचे स्फटिक होतात आणि ते आतल्या पेशी फाडतात. म्हणून बाहेर काढलेलं करवंद पूर्वीसारखं करकरीत लागणार नाही. सरबताला, चटणीला ते उत्तम. जांभळाचा बिया काढून गरच गोठवावा, लहान लहान डब्यांत, कारण एकदा वितळलेला गर पुन्हा गोठवणं बरं नव्हे.

पण कोकणात सगळी भिस्त फ्रीजरवर ठेवता येत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात किनाऱ्यावर आलं. श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडच्या कित्येक गावांत त्यानंतर बरेच दिवस वीज नव्हती. तो नेमका जांभळांचा आणि शेवटच्या करवंदांचा मोसम. भरलेला फ्रीजर दार न उघडता साधारण दोन दिवस थंडी धरतो, अर्धा भरलेला एखादा दिवस. पुढे काय?

(दृश्य : माजघर. फडताळात चिनी मातीच्या बरण्या, तोंडाला कापडाचे दादरे बांधलेले.)

पुढे मीठ आणि साखर. दोघांचंही काम तेच, ओलावा बांधून ठेवण्याचं. मीठ किंवा साखर पुरेशी असली की फळात पाणी असूनही ते बुरशीच्या हाती लागत नाही. म्हणून मुरंब्यात साखर मोजून घालावी लागते. गोड कमी हवं म्हणून हात आखडला की बरणीवर साय धरल्यासारखी बुरशी येते. करवंदाचं नशीब असं की कच्च्या फळात पेक्टिन, म्हणजे जेली घट्ट करणारा घटक, भरपूर, त्यामुळे जेली सहज धरते. पेक्टिन बाहेरून घालावं लागत नाही.

लोणच्यासाठी हिरवी, टणक करवंदं घ्यावीत. पांढरा चीक बोटांना आणि सुरीला बसतो, सुटता सुटत नाही. फणस कापताना लावतो तसं आधी हाताला तेल लावावं. फळं दोन भाग करून, बिया काढून मिठात मुरवावीत, सुटलेलं पाणी निथळून मग फोडणी आणि मसाला. फोडणी पूर्ण गार झाल्याशिवाय ओतायची नाही, नाहीतर झाकणाखाली पुन्हा वाफ धरते. बरणी धुऊन दिवसभर कडक उन्हात ठेवलेली हवी, आणि करवंदं तेलाखाली बुडलेली हवीत. अॅल्युमिनियमचं भांडं या आंबट फळाला चालत नाही. काच, चिनी माती, नाहीतर स्टील.

हे सगळं पहिल्या सरीच्या आधी उरकायचं. पाऊस लागला की बरणी वाळवायला ऊन मिळत नाही, आणि जाळीवरची करवंदं पाणी पिऊन फुटायला लागतात. तेव्हा सड्यावरून उतरणारी ती बाई या आठवड्यात एसटी स्टँडवर दिसली, तर द्रोणाऐवजी अख्खी परडी घ्या. भाव पाडू नका. तिच्या हातांवरचे ओरखडे तुम्ही पाहिलेत. अर्धी खायला ठेवा, पाव फ्रीजरला घाला, आणि उरलेली आजच रात्री निवडायला घ्या.