बफरमधली गावकुत्री आणि डिस्टेंपर

(दृश्य : अंगणात उभी बंडी, तिच्याखाली निजलेला कुत्रा, कॅमेरा त्याच्या मागच्या पायावर)

हा कुत्रा झोपलेला आहे, तरी त्याचा मागचा पाय ठरावीक लयीत उडतो आहे. स्नायूंचे हे उडणे जागेपणी चालू असते आणि झोपेतही थांबत नाही. ताप उतरून, नाकाचा शेंबूड आणि हगवण बरी होऊन काही आठवडे लोटल्यावरही हे लक्षण उद्भवू शकते, त्यामुळे आधीच्या आजाराशी त्याचा संबंध आहे हे घरच्यांच्या ध्यानात येत नाही. हे गाव चंद्रपूर जिल्ह्यातले, ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या बफर क्षेत्रातले, म्हणजे गाभ्याच्या जंगलाभोवतीच्या, गावे असलेल्या पट्ट्यातले. तपासणीला आलेल्या पशुवैद्यकांनी प्रथम कुत्र्याचा पंजा उलटा करून पाहिला. तळव्याची मऊ गादी टणक होऊन तिला भेगा पडल्या होत्या आणि नाकाचा शेंडाही तसाच खरखरीत झाला होता. कॅनाइन डिस्टेंपर या विषाणूजन्य रोगाकडे बोट दाखवणाऱ्या या खुणा आहेत.

डिस्टेंपरचा विषाणू माणसांतल्या गोवराच्या आणि गुरांतल्या बुळकांडीच्या विषाणूंच्या कुळातला आहे. बुळकांडीने एके काळी गोठेच्या गोठे रिकामे केले. लसीकरणाच्या बळावर तो रोग २०११ मध्ये जगातून हद्दपार झाल्याचे जाहीर झाले. डिस्टेंपर मात्र टिकून राहिला. आजारी कुत्र्याच्या शिंकेतून, खोकल्यातून आणि नाका-डोळ्यांच्या स्रावातून तो दुसऱ्या कुत्र्याच्या श्वासात शिरतो आणि आधी शरीराचे रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशींनाच गाठतो. त्या दुबळ्या झाल्या की श्वसनमार्ग, आतडी, त्वचा आणि शेवटी मेंदू अशी त्याची वाट मोकळी होते. विषाणूला मारणारे खात्रीचे औषध नाही. सलाइन, प्रतिजैविके आणि झटके आवरणारी औषधे देऊन कुत्र्याला तग धरायला मदत करणे एवढेच पशुवैद्यकाच्या हाती राहते.

या विषाणूचा एक कमकुवतपणा नीट समजून घेतला पाहिजे. उन्हात, उष्णतेत आणि साध्या साबणानेही तो लवकर नष्ट होतो, त्यामुळे चंद्रपूरच्या उन्हाळ्यात उघड्यावर त्याचा निभाव लागणे कठीण असते. टिकून राहायचे तर त्याला सतत नवे, रोगप्रतिकारशक्ती नसलेले जनावर मिळावे लागते, आणि ते त्याला गावागावांत जन्मणाऱ्या पिल्लांमधून विनासायास मिळत राहते.

(दृश्य : पहाटेचा पाणवठा, ओल्या मातीत बिबट्याची पावले, शेजारी कुत्र्याची पावले)

रोग जुना असूनही पशुवैद्यकशास्त्र त्याची गणना उदयोन्मुख रोगांत करते, कारण तो कुत्र्यांपुरता राहिलेला नाही. आफ्रिकेतील सेरेंगेटीत १९९४ च्या साथीत तिथल्या सिंहांपैकी सुमारे एक तृतीयांश दगावले. आपल्या शेजारच्या गुजरातमध्ये, गीरच्या जंगलात २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काही आठवड्यांत २३ सिंह मेले. त्या वेळी घेतलेल्या नमुन्यांत हा विषाणू असल्याचे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेच्या तपासणीत स्पष्ट झाले. रशियाच्या अतिपूर्वेकडील वाघांनाही त्याची बाधा झाली आहे. बफरमधले कुत्रे गुराख्यामागे गुरांसोबत जंगलात जाते, मोहफुले वेचणाऱ्यांसोबत झाडाखाली बसते आणि रात्री वावरात जागलीला धुऱ्यावर असते. बिबट्या अशाच कुत्र्याला उचलतो. रानकुत्री, कोल्हे आणि उदमांजरे यांनाही ही बाधा होऊ शकते, त्यामुळे केवळ गावातली कुत्री टोचून जंगल पूर्ण सुरक्षित होईल असे म्हणता येत नाही. तरीही गावातले कुत्रे हे या साखळीतले एकमेव जनावर आहे, ज्याला मालक धरून आणू शकतो.

(दृश्य : सकाळ, ग्रामपंचायतीसमोरचा पार, शीतपेटी, दोरीने आणलेली कुत्री)

लसीकरणाची वेळ सकाळी लवकरची ठेवली आहे, कारण लोक वावरात निघून गेले की त्यांच्यामागे कुत्रीही जातात. शीतपेटीतल्या बर्फाच्या पिशव्यांमध्ये लसीच्या कुप्या २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवलेल्या आहेत. ही दुर्बल केलेल्या जिवंत विषाणूची लस असते. कुपीत कोरडी वडी असते आणि टोचण्याच्या वेळीच ती सोबतच्या द्रवात विरघळवायची असते. एकदा विरघळवली की ती फार वेळ ठेवता येत नाही, म्हणून पुढचे कुत्रे हाताशी आल्याखेरीज पशुवैद्यक पुढची कुपी फोडत नाहीत. मालकाने कुत्र्याचे तोंड दुपट्ट्याने बांधायचे, मान काखेत धरायची, आणि मग मानेमागची सैल कातडी उचलून तिच्याखाली सुई जाते. याच लसीत पार्व्हो या दुसऱ्या घातक रोगाचाही बंदोबस्त असतो. रेबीजची लस वेगळी आहे आणि तीही आजच दिली जाते.

पिल्लांचे गणित अवघड आहे. आईच्या पहिल्या दुधातून मिळालेली प्रतिद्रव्ये पिल्लाला सुरुवातीचे काही आठवडे वाचवतात, पण तीच लसीलाही निष्प्रभ करतात, आणि ती कोणत्या पिल्लाच्या अंगातून कधी ओसरतील हे बाहेरून ओळखता येत नाही. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून सुरुवात करून, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, सोळा आठवड्यांचे होईपर्यंत पिल्लाला पुन्हा पुन्हा टोचावे लागते. सहायकाच्या वहीत मालकाच्या नावापुढे कुत्र्याचा रंग लिहिलेला दिसतो, तो पुढच्या वेळी तेच पिल्लू ओळखता यावे म्हणून.

(दृश्य : झटका आलेला कुत्रा, दूर उभे असलेले लोक)

मेंदूपर्यंत पोहोचलेल्या डिस्टेंपरमध्ये कुत्रे हवेतच काही चावत असल्यासारखा जबडा हलवते, तोंडाला फेस येतो आणि ते भेलकांडत चालते. गावात याला पिसाळले म्हणतात आणि कुत्रे मारले जाते. ही भीती निराधार नाही, कारण केवळ पाहून रेबीज आणि डिस्टेंपर यांत फरक करणे पशुवैद्यकालाही धोक्याचे असते. डिस्टेंपरमुळे माणूस आजारी पडत नाही, तरी असे कुत्रे चावले तर ते रेबीजचेच आहे असे धरून जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि ताबडतोब आरोग्य केंद्रात जाऊन लस घ्यावी.

या गावच्या गुरांना लाळ-खुरकुताची लस केंद्राच्या कार्यक्रमातून मोफत मिळते, आणि ती मिळालीच पाहिजे. कुत्र्यांची नोंदही सरकार घेते. २०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे दीड कोटी भटकी कुत्री मोजली गेली. डिस्टेंपरच्या लसीसाठी मात्र असा राष्ट्रीय कार्यक्रम नाही, आणि रोजमजुरीवर जगणाऱ्या घराला पिल्लाच्या तीन-तीन मात्रा विकत घेणे झेपत नाही. व्याघ्र प्रकल्पाभोवतीच्या गावांपुरती तरी ही लस पशुवैद्यकीय दवाखान्याच्या नियमित पुरवठ्यात यावी, अशी मागणी आज पारावर जमलेल्या गावकऱ्यांनी ग्रामपंचायतीकडे दिली आहे. पिल्लांची पुढची मात्रा तेंदूपत्त्याचा हंगाम सुरू होण्याआधी द्यायची आहे, कारण त्यानंतर माणसे आणि त्यांच्यामागे कुत्री पहाटेपासूनच जंगलात असतात.