प्रश्न आधी, उत्तर मागून

फादर, सिस्टर्स आणि माझ्या धर्मशिक्षक बंधुभगिनींनो,

नववी-दहावीच्या मुलांना कॅथलिक श्रद्धेची मूलतत्त्वं कशी शिकवावीत, असा विषय मला दिलाय. आपल्या श्रद्धेची कबुली देणारा विश्वासांगीकार, संस्कार, आज्ञा आणि प्रार्थना हे चारही खांब चाळीस मिनिटांत घेईन, असं मी कबूल करून बसले आहे. घेणार आहे. पण त्याआधी एक गोष्ट सांगू द्या, कारण मला जे म्हणायचंय ते सगळं तिच्यातूनच आलंय.

मी शिकवायला लागून सहा-सात वर्षं झाली होती. धडा बाप्तिस्म्याचा होता. फळ्यावर व्याख्या लिहून झाली, मुलांनी ती उतरवून घेतली. आता परिणाम लिहून द्यायचे की धडा संपला. इतक्यात मागच्या बाकावरून एका मुलानं हात वर केला. वर्षभरात पहिल्यांदाच. म्हणाला, "टीचर, माझा मित्र गेला गेल्या महिन्यात. तो ख्रिस्ती नव्हता, त्याचा बाप्तिस्मा नव्हता झालेला. मग तो आता कुठे असेल?"

वर्ग चिडीचूप. मी घड्याळाकडे पाहिलं. दहा मिनिटं उरली होती आणि परीक्षा तोंडावर होती. मी म्हणाले, "चांगला प्रश्न आहे. पुढच्या रविवारी बोलू." पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

त्या आठवड्यात मी धर्मशिक्षणग्रंथ, म्हणजे कॅथलिक शिकवणीचा अधिकृत ग्रंथ, उघडून बसले. १९९२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रसिद्ध केलेला, २८६५ परिच्छेदांचा. त्यातल्या १२५७व्या परिच्छेदाचा आशय असा, की देवानं तारण बाप्तिस्म्याच्या संस्काराशी बांधलं आहे, पण देव स्वतः आपल्या संस्कारांनी बांधलेला नाही. जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंही १९६४ मध्ये सांगून ठेवलंय, की ज्यांना स्वतःच्या दोषाशिवाय ख्रिस्ताची ओळख झाली नाही, पण जे मनापासून देवाचा शोध घेतात आणि सदसद्विवेकाला अनुसरून जगतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. हे मी आधी वाचलं नव्हतं का? वाचलं होतं. खाली रेघही मारली होती. पण तो मुलगा समोर नसताना वाचलं होतं, म्हणून ते माझ्या हाती लागलंच नव्हतं. मी ते कागदावर उतरवून त्याच्या घरी गेले. दार त्याच्या आईनं उघडलं. तो आतून बाहेर आला नाही. कागद आईच्या हातात देऊन मी परतले.

तेव्हापासून माझ्या वर्गाचा क्रम उलटा झाला. आधी प्रश्न, मग उत्तर. आपल्या श्रद्धेतली जवळजवळ प्रत्येक व्याख्या कुणाच्या तरी खऱ्या, जीव कासावीस करणाऱ्या प्रश्नाला दिलेलं उत्तर आहे. आपण मुलांच्या हाती उत्तर ठेवतो आणि प्रश्न मात्र गाळून टाकतो. मग त्या उत्तराचं त्यांनी करायचं काय? परीक्षेपुरतं डोक्यात ठेवायचं आणि शाळा सुटली की तेही सोडून द्यायचं.

पाठांतराला मी नावं ठेवत नाहीये, गैरसमज नको. विश्वासांगीकार तोंडपाठच हवा. आजारपणात, दुःखात, शब्द सुचत नाहीत तेव्हा पाठ असलेलंच कामी येतं. माझी तक्रार वेगळी आहे. मी पूर्वी जिथे शिकवायचे तिथल्या परीक्षेत एका मुलीला शंभरपैकी अठ्ठ्याण्णव मिळाले. बक्षीस घेऊन ती खाली उतरली, तेव्हा मी तिला सहज विचारलं, "पवित्र आत्मा तुझ्यासाठी कोण गं?" ती घाबरली. म्हणाली, "टीचर, हा प्रश्न कुठल्या धड्यात आहे?" त्या मुलीचा यात काय दोष? प्रश्न धड्यातूनच यायला हवेत, असं आपणच तिला शिकवलं होतं. मी हे तिथल्या बैठकीत मांडलं, तर मला सांगण्यात आलं की आधी अभ्यासक्रम पूर्ण करा. अभ्यासक्रम पूर्ण झालाही. मुलं अपुरी राहिली, आणि याचा मला आजही राग आहे.

आता हे माझंच खूळ आहे असं कुणाला वाटत असेल, तर उत्तर आफ्रिकेतले बिशप संत ऑगस्टीन यांच्याकडे चला. सुमारे ४०० साली कार्थेजच्या देओग्रातियास नावाच्या डीकननं, म्हणजे धर्मगुरूच्या खालच्या दर्जाच्या सेवकानं, त्यांना कळवलं, की नवख्यांना श्रद्धा शिकवताना माझं मलाच कंटाळवाणं वाटतं, काय करू? सोळाशे वर्षांपूर्वीचा धर्मशिक्षक बरं का, आणि दुखणं आपलंच! ऑगस्टीननी उत्तरादाखल एक छोटं पुस्तकच लिहिलं. आधी कबूल केलं, की माझंही बोलणं मला जवळजवळ नेहमीच अपुरं वाटतं. मग सांगितलं, की समोरचा माणूस कशासाठी आलाय ते आधी विचार. शिकलेला असेल तर त्यानं काय काय वाचलंय ते विचार. तो जांभया देऊ लागला तर काहीतरी प्रसन्न बोल, उभा राहून थकला असेल तर त्याला बसायला दे. (मागच्या रांगेतल्यांनी भिंतीला टेकायला माझी काही हरकत नाही.) आणि सगळ्यात महत्त्वाचं, आनंदानं शिकव. शिकवणाऱ्याचा आनंद ऐकणाऱ्याला कळतो.

धर्मपंडित संत थॉमस अक्वायनस तर त्याहून धीट. देव आहे का, या प्रश्नाला हात घालताना ते पहिलं वाक्य काय लिहितात? देव नाही असं दिसतं! मग विरोधकांची बाजू मांडतात. देव अनंत चांगला असेल तर जगात वाईट का? आणि निसर्गाचं सगळं निसर्गानंच उलगडत असेल, तर देव हवा कशाला? तेराव्या शतकातल्या या दोन शंका आज दहावीचा मुलगा मोबाईल खिशात सरकवत तशाच्या तशा विचारतो. तो उद्धट झाला असं आपल्याला वाटतं. तो थॉमसच्या पानावर येऊन उभा असतो! दुसऱ्या शंकेच्या वेळी मी एवढंच सांगते, की वाटाण्याच्या झाडांवरून आनुवंशिकतेचे नियम शोधणारे मेंडेल मठवासी होते, आणि विश्व प्रसरण पावतंय हे १९२७ मध्ये मांडणारे लमेत्र धर्मगुरू होते. त्यानं वाद मिटत नाही, पण मुलगा खुर्ची पुढे ओढून बसतो.

आणखी एक, आपल्या मराठीबद्दल. आपले शब्द मुलांच्या कानांवर वेगळेच पडतात. 'जन्मपाप' म्हटलं की अर्ध्या वर्गाला मागच्या जन्मीचं पाप वाटतं. विचारून पाहा. मग एवढंसं बाळ काय पाप करणार, हा त्यांचा राग अगदी रास्त असतो. धर्मशिक्षणग्रंथ म्हणतो, की इथे 'पाप' हा शब्द साधर्म्यानं वापरलाय. ते केलेलं पाप नव्हे, आदामापासून वाट्याला आलेली अवस्था आहे. 'संस्कार' म्हणजे आपल्याला बाप्तिस्म्यासारखे सात पवित्र विधी, मुलांच्या मात्र मोठ्यांना नमस्कार करणं आणि खरं बोलणं डोळ्यांपुढे येतं. आणि 'निष्कलंक गर्भसंभव', म्हणजे जन्मपापाच्या डागाशिवाय गर्भात येणं, हे येशूचं, असं तर मोठी माणसंही छातीठोकपणे सांगतात. मी मुलांना दिनदर्शिका देते. म्हणते, निष्कलंक गर्भसंभवाचा सण ८ डिसेंबरला, तिथपासून नऊ महिने मोजा. ८ सप्टेंबर येतो, मरियेचा जन्मदिवस. म्हणजे गर्भसंभव मरियेचा. आता येशूच्या गर्भसंभवाच्या सणापासून, २५ मार्चपासून मोजा. २५ डिसेंबर! एकदा बोटांवर मोजलं की ती मुलं जन्मात विसरत नाहीत.

फादरांची चिठ्ठी आलीय, आठ मिनिटं. आणि चार खांब अजून उभे करायचेत. भरभर घेते.

विश्वासांगीकार. मुलांना ३२५ सालच्या, बिशपांच्या निकायेच्या परिषदेत नेऊन बसवा. आरियस नावाचा धर्मगुरू म्हणतोय, पुत्र, म्हणजे ख्रिस्त, नव्हता असाही एक काळ होता. अर्ध्या वर्गाला आरियसची बाजू द्या, अर्ध्याला परिषदेची, आणि भांडू द्या. आरियस खरा असेल, तर क्रुसावर मेला तो देव नव्हता, देवानं पाठवलेला कुणी दुसरा होता. आपल्यासाठी देव स्वतः आलाच नाही. हे एकदा लख्ख दिसलं, की दर रविवारी म्हणतो तो 'पित्याशी एकतत्त्व' हा शब्द मुलं स्वतःहून मागतात.

संस्कार. सात नावांची यादी नको. ख्रिस्ती जीवनाची सुरुवात करणारे तीन, बरे करणारे दोन, सेवेला वाहून घेणारे दोन. प्रश्न असा टाका, की देवाला माझं मन कळतं, तर त्याला पाणी, तेल, भाकर लागतेच कशाला? वर्गातलंच कुणीतरी सांगतं, की आई माया करते हे ठाऊक असलं तरी तिनं जवळ घ्यावंसं वाटतंच.

आज्ञा. इथे पुन्हा ऑगस्टीन. सोळाव्या वर्षी मित्रांबरोबर त्यांनी नासपतीची फळं चोरली. भूक नव्हती. बरीचशी डुकरांपुढे टाकली. पुढे ते लिहितात, की एकटा असतो तर मी हे केलं नसतं. एवढं सांगून थांबा. मुलं आपापल्या ग्रुपचा विचार करायला लागतात, आणि पापनिवेदनाचा धडा तिथून सुरू होतो. तुम्ही उपदेश केलात की तो बंद पडतो.

प्रार्थना. हिला मी सगळ्यात कमी वेळ ठेवला, याचं वाईट वाटतंय. स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रं आहेत. मुलांना आपण गोड गोड तेवढी देतो. त्यांना तेरावं द्या, ते 'हे परमेश्वरा, कुठवर?' असं विचारतं. अठ्ठ्याऐंशीवं द्या, ते अंधारातच संपतं. देवावर रागावून बोललेलंही पवित्र शास्त्रात जपून ठेवलंय, हे कळल्यावर एका मुलीनं मला विचारलं होतं, "म्हणजे मी पण बोलू शकते?" त्या दिवशी आम्ही धडा पुढे नेला नाही. दहा मिनिटं सगळे शांत बसलो.

झालं, थांबते. दाराशी एक रिकामी पेटी आणि कागद ठेवलेत. तुमच्या वर्गात कुणीतरी विचारलेला आणि तुम्ही 'पुढच्या रविवारी' म्हणून टाळलेला एक प्रश्न लिहून टाका. नाव घालू नका. दुपारच्या सत्रात तेच प्रश्न घेऊ. माझा कागद मी सकाळीच टाकलाय.