शहराचा आराखडा परत काढताना

हा नकाशा जरा नीट बघा. पिवळा रंग म्हणजे राहायची घरं, जांभळा म्हणजे कारखाने, हिरवा म्हणजे बाग नाहीतर मैदान. आता त्याच जागेचं ड्रोनमधून घेतलेलं हे शूटिंग. हिरव्याच्या जागी घरांची अख्खी रांग उभी आहे, जांभळ्यातला कारखाना बंद पडून जमाना झाला आणि त्याच्या शेडमध्ये आता कुणाचं तरी गोडाऊन चालतंय. नकाशा वीस वर्षांपूर्वीचा आहे, ज्यांनी काढला त्यांना जेवढं दिसलं तेवढं त्यांनी रंगवलं.

विकास आराखडा, म्हणजे शहरात पुढे कुठे काय होणार हे ठरवणारा असला नकाशा, वरून कितीही किचकट दिसला तरी आत दोनच प्रश्न असतात, अमुक वर्षांनी इथे किती माणसं असतील आणि ती राहतील कुठे. रस्ते, पाण्याची लाइन, शाळा, दवाखाना, स्मशानभूमी, कुठे किती मजले चढवायचे, सगळं त्या एका आकड्याला लटकलेलं असतं, आणि गंमत म्हणजे तोच आकडा सगळ्यात जास्त चुकतो.

१८११ सालचं न्यूयॉर्क घ्या. वस्ती सगळी मॅनहॅटन बेटाच्या दक्षिण टोकाला, आणि शहर आखायला नेमलेल्या तीन कमिशनरांनी उभ्या-आडव्या रस्त्यांची जाळी आखली ती थेट बेटाच्या पार उत्तरेकडे, १५५ व्या रस्त्यापर्यंत. त्यांनाच ते जरा अती वाटत होतं बहुतेक, कारण अहवालात त्यांनी लिहून ठेवलंय की लोक आम्हाला हसतील, चीनच्या अलीकडे कुठेच नाही एवढ्या गर्दीची सोय यांनी करून ठेवली म्हणून, आणि बेटाच्या उत्तर भागातल्या हार्लेमच्या वरच्या अंगाला तर पुढची काही शतकं घरं व्हायची शक्यता नाही. शंभर-सव्वाशे वर्षांत ते सगळं भरलं. आणि बागांचं म्हणाल तर, बेटाला चहूबाजूंनी पाणी आहे, हवा खेळती आहे, जमीन महाग आहे, मग मोकळ्या जागा कशाला एवढ्या, असा त्यांचा हिशोब. शेवटी १८५३ ला वेगळा कायदा करून सेंट्रल पार्कसाठी जागा घ्यावी लागली आणि तिथे राहणाऱ्या साधारण १,६०० लोकांना उठवलं गेलं. नकाशावर हिरवा रंग उशिरा भरला की त्याच्याखाली आधीच कुणाचं तरी घर असतं.

तर मग नवा आराखडा सुरू कुठून होतो? लोकांना वाटतं एसी ऑफिसात, मोठ्या स्क्रीनसमोर. सुरुवात होते पायी. सर्व्हेवाली पोरं गल्लीगल्लीत फिरतात आणि आज प्रत्यक्षात काय आहे ते टिपतात, जुन्या नकाशात काय होतं ते बाजूला ठेवून. ही बघा, ही मुलगी टॅबवर एका इमारतीवर बोट ठेवून थांबलीय. खाली गॅरेज, पहिल्या मजल्यावर क्लास, दुसऱ्यावर घरमालक, गच्चीवर पत्रे टाकून भाडेकरू. टॅबमध्ये रंग एकच भरता येतो. ती वर बघते, परत टॅबकडे बघते, आणि 'मिश्र वापर' वर टिचकी मारून पुढच्या दाराकडे जाते. असे हजारो निर्णय, उन्हात उभं राहून घेतलेले, आणि पुढची वीस वर्षं त्या कागदावर भांडणं. माझ्या मते सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच, आणि कौतुक मात्र नंतरच्या थ्रीडी चित्रांचं होतं.

मग आकडा. जन्म किती होतील, मृत्यू किती होतील, हे बऱ्यापैकी सांगता येतं. बाहेरून किती येतील आणि किती सोडून जातील, तिथे घोडं अडतं. अमेरिकेतलं डेट्रॉइट १९५० ला साडेअठरा लाखांच्या आसपास होतं, गाड्यांचे कारखाने जोरात, २०२० च्या जनगणनेत उरले ६ लाख ३९ हजार. अशा शहराला मग उलटा प्रश्न सोडवावा लागतो, की रिकाम्या झालेल्या रस्त्यांवर दिवे, पाणी, कचरागाडी कुठवर चालू ठेवायची, आणि तिथे अजून राहणाऱ्या चार घरांना काय सांगायचं. म्हणून हल्ली एकाच आकड्यावर कुणी विसंबत नाही, जास्त, मध्यम, कमी असे तीन अंदाज मांडतात.

सिंगापूरने यावर चांगली युक्ती काढली, दोन मजली आराखडा. वरचा ४०-५० वर्षं पुढचं बघतो, त्यातला पहिला १९७१ चा, तो साधारण दर दहा वर्षांनी तपासायचा. खालचा मास्टर प्लॅन १०-१५ वर्षांचा, त्यात प्लॉट-प्लॉटचं ठरलेलं, आणि तो दर पाच वर्षांनी उघडायचा. म्हणजे चूक झाली तरी ती वीस वर्षं मुरत नाही. अर्थात तिथली बहुतेक जमीन सरकारच्याच ताब्यात, त्यामुळे त्यांना हे जमतं, जिथे प्रत्येक तुकड्याला वेगळा मालक आहे तिथे पाच-पाच वर्षांनी नकाशा उघडणं म्हणजे मोहोळात हात घालणं.

आणि मोहोळ उठतंच, मसुदा जाहीर झाला की. नकाशे भिंतीवर लागतात, हरकती-सूचना मागवतात, मुदत संपायच्या शेवटच्या दोन दिवसांत गठ्ठेच्या गठ्ठे येतात. सुनावणीत एक तरी माणूस असा असतो, प्लास्टिकच्या पिशवीत कागद सांभाळत बसलेला, नंबर आला की उठतो आणि म्हणतो, साहेब, माझ्या प्लॉटवर तीस वर्षं मैदानाचं आरक्षण आहे, मैदान काय झालं नाही आणि मला घर काय बांधता आलं नाही, आता निदान एक काहीतरी करा. समोरचे लिहून घेतात. त्या आराखड्यामुळे ज्यांना पुढे घर मिळणार असतं ते मात्र या हॉलमध्ये कधीच नसतात, ते अजून शहरात आलेलेच नाहीत, काही तर जन्मलेलेच नाहीत.

अमेरिकेतल्याच मिनियापोलिस शहराचं उदाहरण मला फार आवडतं, कारण तिथे काही लपवालपवी नाही. शहराच्या मोठ्या भागात एका प्लॉटवर एकच कुटुंबाचं घर बांधायची परवानगी होती. नव्या मसुद्यात म्हटलं, चार घरांपर्यंत चालेल. लोक भडकले, अंगणाअंगणात विरोधाच्या पाट्या लागल्या, मग चाराची तीन झाली, आणि डिसेंबर २०१८ ला १२ विरुद्ध १ मतांनी आराखडा मंजूर. संपलं? छे. पर्यावरणावर परिणाम होईल म्हणून काही संघटना आधीच कोर्टात गेल्या होत्या, २०२२ ला कोर्टाने अंमलबजावणी थांबवली, शेवटी २०२४ ला राज्याच्या विधिमंडळाला कायदा बदलून तो सोडवावा लागला.

आणि तिथल्या नियमाप्रमाणे आराखडा दहा वर्षांनी परत तपासायचा असतो. म्हणजे पुढची तारीख २०२८ चा शेवट. कोर्टातून सुटून आलेल्या त्या नकाशाची शाई अजून ओली आहे, आणि सर्व्हेवाल्या पोरांना टॅब चार्ज करायला सांगायची वेळ झालीय.