आधी बेत, मग कात्री

(बादली. पाण्यात बुडत जाणारं घडीचं कापड.)

ह्या चित्रफितीतल्या ताई आपले उन्हाळ्याचे कपडे घरीच शिवतात. त्या कापड आणायला गेल्या तेव्हा कॅमेरा आमच्या हातात नव्हता. म्हणून ही गोष्ट बादलीपासून सुरू होते. तशीही ती इथूनच सुरू व्हायला हवी. कोरं सुती कापड पहिल्या धुण्यात मीटरमागे 3 ते 5 सेंटिमीटर सहज आटू शकतं. एवढ्या हौसेनं शिवलेली पँट पहिल्याच धुण्यानंतर घोट्याच्या वर चढते, ती बहुतेक वेळा ही बादली टाळल्यामुळे.

चेहरा दाखवायचा नाही, ही ताईंची अट. त्यामुळे पुढे तुम्हाला हातच दिसतील. ते पुरेसे आहेत.

(वहीचं पान. पेन्सिलीनं काढलेले गोल, त्यांना जोडणाऱ्या रेघा.)

बेत उन्हाळ्याचा आहे. 4 टॉप, 2 पँट, 1 स्कर्ट आणि वरून घालायचं 1 सुटसुटीत जॅकेट. एकूण 8 कपडे, सगळे एकमेकांवर चालतील असे. ह्याला कॅप्सूल वॉर्डरोब म्हणतात. 1970च्या दशकात लंडनमधल्या एका दुकानदार बाईंनी हा शब्द रुळवला आणि 1985मध्ये डोना कॅरन ह्या अमेरिकी डिझायनरनं 7 कपड्यांचा असा संच बाजारात आणून तो जगभर नेला. कमी कपडे घ्या, हे सांगणाऱ्या दोघीही कपडे विकणाऱ्याच होत्या, ही त्यातली गंमत. घरी शिवणारीला मात्र विकायचं काही नसतं. तिला फक्त जुळवायचं असतं.

आणि जुळवायची सुरुवात होते ती छापील कापडापासून. हा काठ जवळून पाहा. पुष्कळ छापील कापडांच्या काठावर असे रंगांचे ठिपके असतात. छपाईत वापरलेला प्रत्येक रंग इथे वेगळा दिसतो. ह्या कापडावर तीन आहेत: गडद निळा, मोतिया आणि विटकरी. साधी कापडं ताईंनी ह्याच ठिपक्यांशेजारी धरून निवडली, तीही उजेडात, खिडकीपाशी. दिव्याखाली निळा आणि काळा ह्यांत भल्याभल्यांची फसगत होते. छापील कापडाचे फक्त दोन टॉप करायचे, कमरेखाली सगळं साधं. म्हणजे छपाईवर छपाई येण्याचा प्रश्नच मिटला.

कागदावर हिशेब फार देखणा दिसतो. 4 टॉप आणि कमरेखालचे 3 कपडे, म्हणजे 12 जोड्या. त्याच जोड्या जॅकेटसकटही धरल्या की 24. पण प्रत्यक्षात एका लांब टॉपखाली घेरदार स्कर्ट बोजड दिसतो, जॅकेटसकट आणि जॅकेटशिवाय त्या 2 जोड्या गेल्या. सैल बाह्यांचा टॉप जॅकेटच्या बाहीत गोळा होतो, कमरेखालच्या तिन्ही कपड्यांबरोबरच्या त्या आणखी 3. उरल्या 19. वहीत ह्या 5 जोड्यांवर काट मारलेली दिसेल. कात्री लावण्याआधी मारलेली ही काट मला सगळ्या शिवणकामातली सर्वांत मोलाची वाटते. बेतणं ह्या शब्दात कापणं आणि ठरवणं दोन्ही येतं, ते उगाच नाही.

(जमिनीवर पसरलेलं कापड. त्यावरून फिरणारे हात.)

कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, 112 सेंटिमीटर (44 इंच). आठही कपड्यांना मिळून साधारण 14 ते 15 मीटर लागतं. पण चार टॉपना आखणीचे चार वेगळे कागद नाहीत. मूळ कागद एकच. गळा बदलतो, बाही बदलते, उंची बदलते. खांदा आणि मुंढा (बाही जोडायची जागा) तोच राहतो. एकदा मुंढा अंगाला बसला की त्याला पुन्हा हात लावायचा नाही, हा ताईंचा नियम. कागदावरची बाणाची रेघ कापडाच्या उभ्या धाग्याला समांतर आहे की नाही, हे त्या दोन्ही टोकांना टेप लावून मोजतात. डोळ्यांवर विश्वास नाही. उभा धागा तिरका गेला की पँटचा पाय नडगीभोवती वळतो, आणि तो इस्त्रीनं सरळ होत नाही.

खडूची ही दुसरी रेघ बघा. पहिल्या रेघेवर टीप बसणार आणि दुसरीवर कात्री चालणार. दोन्हींमधली जागा म्हणजे माया. ताई कुशीला, म्हणजे अंगाच्या बाजूच्या शिवणीला, अडीच सेंटिमीटर माया सोडतात. दुकानातला तयार कपडा उलटा करून पाहा. तिथे साधारण एक सेंटिमीटर, तेही इंटरलॉक करून, म्हणजे कड दोऱ्यानं बांधून, कापून टाकलेलं. अंग थोडं सुटलं तर तो कपडा उसवून मोठा करायला जागाच नसते. घरच्या कपड्याला असते.

(इथे बराच वेळ नुसता मशीनचा आवाज राहू द्यावा.)

टॉपना 80 नंबरची सुई, पँटच्या जाड कापडाला 90. हा नंबर म्हणजे सुईची जाडी, 80 म्हणजे 0.8 मिलिमीटर. टाका अडीच मिलिमीटरचा. मोतिया दोऱ्यावर जेवढं शिवता येईल तेवढं आधी आटपायचं, मग निळा दोरा ओवायचा. नाहीतर अर्धा दिवस बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याचं छोटं रीळ, भरण्यातच जातो.

पँटचं सगळं दुखणं आसनात, म्हणजे दोन पायांमधून कमरेपर्यंत जाणाऱ्या शिवणीत असतं. म्हणून आधी जुन्या चादरीची एक चाचणी पँट शिवली. उभं राहिल्यावर ती झकास दिसली. बसल्यावर मागचा नेफा खाली ओढला जायला लागला. मागचं आसन आखूड पडलं होतं. ताईंनी कागद कापून मागे 2 सेंटिमीटरची पट्टी चिकटवली. ती पट्टी इथे दिसते आहे. चादरीच्या पँटचं चित्रण मात्र ताईंनी करू दिलं नाही.

मग एकेक टॉप. फार सांगण्यासारखं नाही, दृश्यं बोलतील. गळ्याला उरेब (तिरक्या धाग्यावर कापलेली) पट्टी लावताना ती किंचित ताणून धरलेली दिसेल. ताणली नाही तर गळा अंगापासून सुटून उभा राहतो.

(दांडीवर आठ हँगर. वारा.)

ह्या उन्हाळ्यात ताईंनी तयार कपडा एकही घेतला नाही.

(जॅकेट मांडीवर. जवळून.)

काजं शेवटी. पहिलं काज चिंधीवर, कारण जॅकेटवर चुकलं तर उसवल्याच्या खुणा राहतात. मशीननं काजाच्या दोन्ही बाजू विणून झाल्या, आता मधे चीर द्यायची. घाईत पातं पुढे सरकतं, टोकाचे टाके कापले जातात आणि सगळी मेहनत पाण्यात. म्हणून काजाच्या टोकाला टाचणी आडवी टोचायची. पातं मधोमध रोवायचं, हळूच पुढे ढकलायचं.

टाचणीला अडलं. आता दुसऱ्या टोकाला टाचणी.