काल का नाही आलात?

(दृश्य: पुण्यातली एक बाग. नुकतं उजाडतंय. स्वेटर, कानटोप्या, कॅनव्हासचे बूट.)

सव्वासहा वाजलेत. कट्ट्यावर पिशव्या टेकल्यात, शेजारी दोन काठ्या. गोल करून उभी असलेली वीसेक मंडळी. त्यातले एक काका हात उंचावून पुकारतात, "लस्सी हास्य!" आणि हवेतल्या पेल्यांमधून हवेतली लस्सी खाली-वर होऊ लागते. मान मागे टाकून ती घटाघटा प्यायची आणि पोट धरून हसायचं. मग टाळ्या. हो हो, हा हा हा! धावायला आलेला एक मुलगा कानातले इअरफोन काढून बघत राहतो. त्याला हे वेडगळ वाटतं. खरं सांगायचं तर, आहेच ते वेडगळ.

याची सुरुवात मुंबईतली. १३ मार्च १९९५ रोजी अंधेरीच्या लोखंडवाला भागातल्या बागेत डॉ. मदन कटारिया यांनी पाच जणांना घेऊन पहिला हास्यक्लब सुरू केला. तेव्हा लोक एकमेकांना विनोद सांगायचे. थोड्याच दिवसांत चांगले विनोद संपले. उरले ते चावट, नाहीतर कुणाला तरी टोचणारे. कुरबुर सुरू झाली. कटारियांनी मग विनोदालाच सुट्टी दिली. कारण नसताना हसायचं. आधी ओढूनताणून, मग समोरच्याचं तोंड बघून आपोआप. त्यांच्या योगशिक्षक पत्नी माधुरी यांच्या मदतीनं त्यात श्वासाचे व्यायाम आले.

हसण्यानं साखर उतरते, ब्लडप्रेशर पळून जातं, असं कुणी छातीठोकपणे सांगू लागलं तर ऐकून सोडून द्यावं. गोळ्या चालूच ठेवायच्या. हर्निया असेल किंवा पोटाचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल, तर पोट धरून हसणंही नको.

कॅमेरा जरा खाली, पायांकडे नेऊया.

(दृश्य: टाचा उचललेले पाय. एक हात झाडाच्या बुंध्यावर.)

दोन हास्यांच्या मध्ये हे चालू असतं. टाचा वर, दहा आकडे. एका पायावर उभं राहणं, जमेल तितकं. बाकावरून हात न टेकता उठणं, पुन्हा बसणं. ऐन तारुण्य ओसरलं की स्नायू झिजायला लागतात आणि साठीनंतर ती झीज वेग घेते. जिना चढताना कठडा लागतो, कमोडवरून उठताना हात टेकावा लागतो, तेव्हा कुठं ते कळतं. पासष्टीच्या पुढच्यांनी आठवड्याला निदान १५० मिनिटं अंगाला चांगली हालचाल द्यावी आणि तीन दिवस तोल व ताकदीचा व्यायाम करावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. रोज फक्त चालणाऱ्यांचं नेमकं हे दुसरं राहून जातं. एकदा न्हाणीघरात पाय घसरला, खुबा मोडला, की पुढचे कित्येक महिने पलंगावर.

खाण्याचं थोडक्यात. रात्री "भूक नाही" म्हणून चहा-खारीवर भागवू नका. डाळ, दही, चालत असेल तर अंडं, काहीतरी पोटात जाऊ द्या. आणि या वयात तहान लागल्याचं नीट कळत नाही, म्हणून तहान नसली तरी पाणी प्या.

(दृश्य: गोलातल्या बायका. "सिंहहास्य!" जिभा बाहेर, डोळे मोठे, हातांचे पंजे.)

या आजींना लहानपणी बजावलं होतं, मुलीच्या जातीनं दात काढून हसू नये. लग्नानंतर सासऱ्यांसमोर आवाजच नाही. पन्नास वर्षं पदराआड हसल्या. आता भर बागेत, चारचौघांत, जीभ काढून डरकाळी फोडतायत! सुरुवातीला त्या गोलाच्या मागे, झाडाला टेकून उभ्या राहायच्या. आज पुकारा त्याच देतात आणि कुणी हळू हसलं तर पुन्हा हसायला लावतात.

गोलातल्या जागा ठरलेल्या आहेत. त्यामुळे कोण नाही ते लगेच दिसतं. सलग दोन दिवस जागा रिकामी दिसली की संध्याकाळपर्यंत फोन जातो: "काल का नाही आलात?" आमच्या मते या क्लबातलं खरं औषध हेच. मुलगा परदेशात, जोडीदार गेलेला, अशा घरात सकाळी अंथरुणातून उठायला कुणीतरी वाट बघणारं लागतं.

आणि काहीतरी करायलाही लागतं. महर्षी धोंडो केशव कर्व्यांनी खेड्यांतल्या प्राथमिक शाळांसाठी मंडळ काढलं १९३६ मध्ये, वयाच्या ७८व्या वर्षी. समता संघ काढला १९४४ मध्ये. जगले १०४ वर्षं. सगळ्यांना एवढं कसं जमणार? पण इथंही एकाकडे हजेरीची वही आहे, एकीकडे वाढदिवसांची यादी आणि चिक्कीचा डबा.

(दृश्य: बागेबाहेरची चहाची टपरी. हातात कटिंग.)

गणपतीपुळ्याची सहल ठरतेय, एसटीनं. २६ ऑगस्ट २०२२ पासून राज्यात पंचाहत्तरीपुढच्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे. पासष्टीपुढे अर्धं तिकीट. बायकांना तर २०२३ पासून कोणत्याही वयात अर्धं. हजेरीची वही उघडून हिशेब चाललाय आणि पूर्ण तिकीट भरणारा एकच जण निघालाय, चौसष्ट वर्षांचे खजिनदार.

"अहो, तुम्ही तरुण आहात अजून," आजी म्हणतात. "बॅगाही तुम्हीच उचला."