डिकीत पंख घालून विकलेली बीएमडब्ल्यू: ३.० सीएसएल घेताना आधी काय बघायचं?

नमस्कार मंडळी! आजची गाडी अशी आहे की तिचा सगळ्यात प्रसिद्ध भाग कंपनीने गाडीला लावलाच नव्हता. सुटा करून डिकीत ठेवला होता. पुढे गिऱ्हाईक जाणे आणि त्याचा पाना जाणे.

[पडद्यावर: पांढरी सीएसएल, मागून]

ही बीएमडब्ल्यू ३.० सीएसएल. सत्तरच्या दशकातली जर्मन स्पोर्ट्स कूपे, म्हणजे दोन दारांची गाडी, एकूण १२६५ बनल्या. त्यातल्या पंखवाल्या, म्हणजे डिकीवर मोठा स्पॉयलर असलेल्या, फक्त १६७, त्यांना लोक लाडाने ‘बॅटमोबाइल’ म्हणतात. युरोप-अमेरिकेतल्या लिलावांत अशी गाडी आली की फोटोत तो मागचा पंख आधी दिसतो आणि बोली लावणाऱ्याचं डोकं तिथेच फिरतं. माझं म्हणणं सरळ आहे. पंखाकडे सगळ्यात शेवटी बघा. का, ते कळायला ही गाडी कशासाठी बनली हे आधी समजून घ्यावं लागेल.

त्या काळी युरोपियन टूरिंग कार चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे रस्त्यावरच्या गाड्यांवरून बनवलेल्या रेसच्या गाड्यांच्या स्पर्धेत, फोर्डची काप्री बीएमडब्ल्यूला जेरीस आणत होती. बीएमडब्ल्यूकडे ३.० सीएस नावाची देखणी कूपे होती. बारीक खांब, भरपूर काच, बॉडी कारमान कंपनीत बनलेली. पण अंगाने जड. हलकी करून रेसमध्ये उतरवायची तर नियम आडवा येत होता: तशाच हजार गाड्या रस्त्यासाठी बनवून दाखवा, मग या. म्हणजे सीएसएल ही गिऱ्हाइकासाठी नाही, नियमासाठी बनलेली गाडी आहे. गिऱ्हाईक फक्त संख्या भरायला!

मग काढाकाढी सुरू झाली. बॉडीचा पत्रा पातळ केला. दरवाजे, बॉनेट आणि डिकीचं झाकण ॲल्युमिनियमचं केलं. बाजूच्या काचा ॲक्रिलिकच्या. आवाज अडवणारं अस्तर गेलं, पॉवर स्टिअरिंग गेलं, पॉवर विंडो गेल्या. बॉनेट बंद करायला रेसच्या गाडीला असतात तशा पिना आल्या. सुमारे २०० किलो वजन उतरलं. साध्या कूपेपेक्षा सोयी कमी, आवाज जास्त.

गंमत इंग्लंडमध्ये झाली. तिकडे उजव्या स्टिअरिंगच्या ५०० गाड्या गेल्या. तिथल्या आयातदाराला वाटलं, एवढी उघडी-बोडकी गाडी कोण घेणार? म्हणून काढलेल्यातलं बरंच सामान त्याने परत घालून घेतलं. पॉवर विंडो आल्या, अस्तर आलं, बंपर आले. हलकी केलेली गाडी पुन्हा भारी केली, आणि नाव मात्र हलक्या गाडीचंच (सीएसएलमधला एल म्हणजे जर्मनमध्ये ‘हलकी’).

इंजिनाची चलाखी तर फारच आवडते मला. पहिल्या १६९ गाड्यांना कार्बुरेटरवालं, २९८५ सीसीचं इंजिन होतं. १९७२ मध्ये फ्यूएल इंजेक्शन आलं आणि इंजिन ३००३ सीसीचं झालं. आता १८ सीसीने ताकद किती वाढणार? काहीच नाही. पण गाडी तीन लिटरच्या वरच्या वर्गात जाऊन बसली, आणि त्या वर्गात रेसच्या गाडीचं इंजिन आणखी बोअर करायला, म्हणजे सिलिंडर रुंद करून मोठं करायला, मोकळं रान मिळालं. नियम वाचावा तो असा.

१९७२ मध्येच बीएमडब्ल्यूचे विक्रीप्रमुख बॉब लुट्झ यांनी थेट फोर्डच्या रेसिंग विभागाचा प्रमुख योखेन नीरपाश यांनाच फोडलं. नीरपाश यांनी येताना इंजिनिअर मार्टिन ब्राउनगार्टलाही सोबत आणलं. त्याच वर्षी बीएमडब्ल्यू मोटरस्पोर्ट ही वेगळी कंपनी सुरू झाली. आज बीएमडब्ल्यूच्या वेगवान गाड्यांवरच्या ज्या एम अक्षरासाठी लोक जादा पैसे मोजतात, त्याची सुरुवात इथली.

[पडद्यावर: पंखाचे सुटे भाग, एकेक करून]

वेगात ही कूपे मागून उचलली जायची, टायरची पकड सुटायची. इलाज म्हणून पुढे खाली हवा अडवणारी पट्टी, दोन्ही मडगार्डांवर उभे कल्ले, छताच्या मागच्या कडेला एक आडवी पट्टी आणि डिकीवर तो भलामोठा पंख. रेसमध्ये लावायचा तर रस्त्याच्या गाडीसोबतही तो द्यायला हवा. आणि जर्मनीत रस्त्यावर असा पंख लावायला बंदी! मग काय, पंख डिकीत. गाडी कायदेशीर, नियमही पाळला. यात कुणी लबाडी केली असं मला वाटत नाही. नियमाने ‘द्या’ म्हटलं होतं, ‘लावा’ नाही.

जुलै १९७३ मध्ये नुर्बुर्गरिंगच्या सहा तासांच्या शर्यतीत पंख पहिल्यांदा उतरले. क्रिस एमन आणि हान्स-योआखिम श्टुक जिंकले. त्या वर्षीचं युरोपियन विजेतेपद सीएसएल चालवणाऱ्या टॉइने हेझेमान्सने नेलं. १९७५ ते ७९ अशी सलग पाच वर्षं पुन्हा याच गाडीने ते जिंकलं, म्हणजे रस्त्याची सीएसएल बनणं थांबल्यावरही! १९७५ मध्ये अमेरिकेत सेब्रिंगची बारा तासांची शर्यतही मारली. तिकडे बीएमडब्ल्यूतला बी म्हणजे ब्रिटिश असा लोकांचा समज, म्हणून गाडीवर ठळक अक्षरांत ‘बव्हेरियन मोटर वर्क्स’ लिहून टाकलं. आणि त्याच वर्षी फ्रान्समधल्या ल मान्सच्या शर्यतीत शिल्पकार अलेक्झांडर कॅल्डरने रंगवलेली सीएसएल धावली, बीएमडब्ल्यूची पहिली आर्ट कार. शर्यत मात्र तिला पूर्ण करता आली नाही.

आता पैशाचं बोलू.

पंख, कल्ले, पट्ट्या हे सगळं बोल्टने बसतं. आज नवीन बनवूनही मिळतं. साध्या ३.० सीएसआयला (३.० सीएसचीच फ्यूएल इंजेक्शनवाली बहीण) हा साज चढवला, पांढरा रंग मारला, निळे-लाल पट्टे ओढले की लांबून बॅटमोबाइल तयार. ज्या पंखासाठी तुम्ही खिसा रिकामा करताय, तोच नकली करायला सगळ्यात सोपा. म्हणून पहिला प्रश्न चासी नंबरचा. सीएसएलच्या प्रत्येक मालिकेचे नंबर वेगळे आहेत. तो नंबर कंपनीच्या जुन्या नोंदींशी ताडून घ्या: मूळ इंजिन कोणतं, रंग कोणता, गाडी कुठे पोचवली. विकणारा इथे चाचरायला लागला तर चहा पिऊन निघा.

दुसरी तपासणी लोहचुंबकाची. सीएसएलच्या दरवाजांना, बॉनेटला चुंबक चिकटता कामा नये. पण लगेच निकाल देऊ नका. अपघातानंतर कुणी स्वस्तातला लोखंडी दरवाजा बसवला असेल, तरी गाडी खरी असू शकते. उलट नकली गाडीला कुणी ॲल्युमिनियमचे दरवाजे मिळवून लावलेले असू शकतात. चुंबकाचं काम शंका उभी करणं, खात्री नंबर आणि कागदच देणार.

तिसरा, आणि माझ्या मते या गाडीचा खरा वैरी, गंज. हे कूपेचं घराणंच गंजासाठी बदनाम. पुढच्या मडगार्डच्या आत चिखल साचतो, तिथून शॉकॲब्सॉर्बरच्या वरच्या टोपापर्यंत पत्रा कुरतडला जातो. दरवाजाखालचे पाट, पुढच्या खांबाचा पाया, डिकीचा तळ, सगळीकडे तेच. त्यात सीएसएलचा पत्रा मुळात पातळ, म्हणजे गंजाला खायला कमी वेळ लागतो. आणि जिथे ॲल्युमिनियम लोखंडाला टेकतं तिथे ओल मिळाली की ॲल्युमिनियमच झिजायला लागतं. रंग फुगलेला दिसला की समजा. गाडी लिफ्टवर चढवल्याशिवाय आणि हे पत्र्याचं काम कळणारा माणूस सोबत नेल्याशिवाय बोलीच लावू नका. वरून आरशासारखा रंग आणि आत पुट्टीचे थर, अशा गाडीचं पुन्हा काम करायला घेतलं की बिल कुठे थांबेल सांगता येत नाही.

एवढं सगळं जुळलं, तर मग पंखाकडे वळा. तो त्याच गाडीसोबत आलेला आहे का, जुन्या मालकांचे फोटो आहेत का, कधी आणि कुणी बसवला.

मला स्वतःला निवड करायला सांगितली तर मी पंखवाली घेणारच नाही. ३००३ सीसीची, डाव्या स्टिअरिंगची, कारखान्यातून निघाली तशी हलकी असलेली सीएसएल घेईन. अशा फक्त ४२९ बनल्या. पंखाशिवाय त्या कूपेच्या छताची रेघ नीट दिसते, आणि गर्दी तिकडे असल्यामुळे इकडे शांतपणे कागद तपासता येतात.

पुढच्या वेळी बीएमडब्ल्यूचीच एम१ ही स्पोर्ट्स कार. या सीएसएलच्या रेसिंग इंजिनाचा वारसा तिच्यातच गेला, आणि ती बनवताना बीएमडब्ल्यूच्या नाकी नऊ आले होते.